यांत्रिक विनंती आणि रांगेचा न्याय
पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याच्या अनुभवावरून काही विचार

१

वस्तू थोडी आणि मागणारे पुष्कळ, अशी वेळ आली म्हणजे वाटपाचा काही नियम ठरवावाच लागतो. आणि तो नियम कोणाच्या सोयीचा होता हे बहुधा वाटप उरकल्यावरच ध्यानात येते. मे २०२१ मध्ये करोनाप्रतिबंधक लशीसाठी पुणे जिल्ह्यात जी धावपळ झाली, तिची चर्चा साहजिकच लशीच्या तुटवड्याच्या अंगाने होते. परंतु त्या धावपळीला दुसरेही एक अंग होते. लस मिळविण्यासाठी आधी संकेतस्थळावरचे एक पान मिळवावे लागत होते. आणि ते पान मिळविण्याचे काम काही लोक स्वतःच्या बोटांनी, तर काही लोक संगणकाला लिहून दिलेल्या आज्ञांनी करीत होते.

आज्ञावलीतील एका फंक्शनद्वारे संकेतस्थळाचे पान मागवून घेणे, हे तंत्र लशीसाठी निर्माण झालेले नव्हे. त्याचे सर्वांत स्वच्छ रूप पाहावयाचे असेल, तर ब्राउझरमध्ये खेळल्या जाणाऱ्या खेळांकडे वळावे लागते. तेथे हे तंत्र वर्षानुवर्षे उघडपणे वापरले गेले आणि त्यामुळे कोणाचे काही हिरावले गेले नाही. तेच तंत्र लसीकरणाच्या प्रसंगी विषमतेचे साधन का ठरले, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तंत्रात नसून वाटपाच्या नियमात आहे, असे येथे दाखवावयाचे आहे. त्यासाठी तीन प्रकारच्या रांगांची तुलना उपयोगी पडेल: आकुर्डीच्या स्कूटरची, एका ब्राउझर-खेळाची, आणि २०२१ मधील लशीची.

२

पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा अशा तुलनेसाठी विशेष सोयीचा आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारांत कारखान्यांची दाटी झाली. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका आली. पुढे हा विस्तार इंद्रायणीपलीकडे खेड तालुक्यात सरकला. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मधील आणि फोक्सवॅगनचा २००९ मधील. याच काळात पश्चिमेस हिंजवडी येथे संगणक व्यवसायाचे केंद्र वाढले आणि तेथील अभियंते वाकड, रहाटणी, पिंपळे सौदागर या भागांत राहू लागले. यंत्र चालविणारा कामगार आणि संगणकाला आज्ञा लिहिणारा अभियंता, असे दोन वर्ग एकाच पट्ट्यात, कधी कधी एकाच घरात, नांदू लागले.

याच पट्ट्याने टंचाईची एक जुनी रांगही पाहिली होती. परवानापद्धतीच्या काळात कारखान्याने किती माल काढावा हे सरकार ठरवीत असे. १९६० च्या सुमारास पियाज्जो या इटालियन कंपनीच्या सहकार्याने आकुर्डीत बजाजची स्कूटर तयार होऊ लागली. १९७१ मध्ये ते सहकार्य संपले आणि १९७२ मध्ये 'चेतक' ही स्कूटर बाजारात आली. मागणी उत्पादनाच्या कितीतरी पुढे गेली. आज नाव नोंदविणाऱ्याच्या हाती गाडी पडावयास कित्येक वर्षे, कधी कधी दहा वर्षांपर्यंत, लागत. मुलाच्या नावे नोंदणी करून ठेवणे हा मध्यमवर्गीय घरांतील रिवाजच झाला होता.

ही व्यवस्था सुखाची होती असे कोणी म्हणणार नाही. तीत वशिल्याला वाव होता आणि हाती आलेली गाडी चढ्या किमतीने विकणारेही होते. तथापि तिच्यात एक गुण होता, तो सहसा लक्षात घेतला जात नाही. त्या यादीला स्मृती होती. आज नोंदविलेले नाव उद्या पुसले जात नसे. रात्री झोप घेतली म्हणून नंबर मागे जात नसे. तिसऱ्या पाळीला कामावर असलेल्या मजुराचे आणि कचेरीत बसलेल्या कारकुनाचे प्रतीक्षेतील दिवस सारख्याच मोलाचे होते. प्रतीक्षा ही त्या रांगेत एक प्रकारची पुंजी होती आणि ती जमा होत असे.

३

संकेतस्थळांच्या जगात मुळातच ही स्मृती नाही. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ज्या योजनेचा आराखडा मांडला, तिचा पाया विनंती आणि उत्तर या साध्या व्यवहारावर रचलेला आहे. वाचणाऱ्याचा ब्राउझर एका पत्त्यावर 'अमुक पान द्या' अशी विनंती पाठवितो. तेथील सर्व्हर ते पान देतो आणि व्यवहार तेथेच मिटतो. पुढची विनंती आली म्हणजे ती नव्या माणसाची असल्याप्रमाणेच पाहिली जाते. आधीची ओळख टिकवावयाची असेल, तर त्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते.

या व्यवहाराची दुसरी विशेषता प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. विनंती करणारा माणूस आहे की आज्ञावली, हे केवळ विनंतीवरून कळत नाही. विनंती म्हणजे काही ओळींचा मजकूर. तो बोटाने कळ दाबल्यामुळे निघाला काय किंवा फंक्शनने लिहिला काय, सर्व्हरला तो सारखाच. त्यामुळे यंत्राने पाने मागविण्याची प्रथा जवळजवळ संकेतस्थळांइतकीच जुनी आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतून मॅथ्यू ग्रे यांची 'वाँडरर' ही आज्ञावली संकेतस्थळे मोजीत हिंडू लागली. अशा भटक्या आज्ञावल्यांचा भार सर्व्हरांना जाणवू लागताच १९९४ मध्ये मार्टिन कॉस्टर यांनी एक संकेत सुचविला: संकेतस्थळाच्या मालकाने एका लहानशा फाइलीत 'यंत्रांनी येथे येऊ नये' अशी पाटी लावावी आणि यंत्रांनी ती मानावी. तो निर्बंध नव्हता. निव्वळ शिष्टाचार होता. यांत्रिक विनंतीचा इतिहास बव्हंशी अशा शिष्टाचाराचा आणि त्याच्या भंगाचा इतिहास आहे.

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीबरोबर पानातील स्क्रिप्टलाच पडद्याआडून दुसरी विनंती करण्याची सोय मिळाली. पान डोळ्यांसमोर तसेच राहावे आणि त्यातील मजकूर मात्र बदलत जावा, हे त्यामुळे शक्य झाले. २००५ मध्ये या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव पडले, आणि २०१५ च्या सुमारास ब्राउझरांनी तीच सोय 'फेच', म्हणजे 'घेऊन ये', या नावाच्या फंक्शनच्या रूपाने सुटसुटीत करून दिली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली होती; अर्थात हिंजवडीत कामाला लागलेली अभियंत्यांची पिढी या साधनांच्या बरोबरीनेच वाढली.

४

आता खेळाकडे वळू. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत झॅक जॉन्सन यांनी 'किंगडम ऑफ लोदिंग' नावाचा ब्राउझर-खेळ सुरू केला. काड्यांची माणसे रेखाटलेली कृष्णधवल चित्रे आणि विनोदी मजकूर, एवढेच त्याचे बाह्य रूप. या खेळात प्रत्येक खेळाडूला दररोज 'साहसां'चा ठरावीक शिधा मिळतो. मूळ संख्या चाळीस. खाणेपिणे आदी उपायांनी ती काहीशी वाढविता येते. एखाद्या अरण्याचे किंवा गुहेचे पान मागविले, की एक साहस खर्ची पडते आणि काय घडले ते पानावर उमटते.

येथे एक तात्त्विक मुद्दा उपस्थित होतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या नियमावलीत असे अपेक्षिलेले आहे की पान केवळ मागविल्याने जगात काही बदल होऊ नये. वाचणे हे निरुपद्रवी असावे. बदल घडवावयाचा असेल, तर त्यासाठी निराळ्या प्रकारची विनंती आहे. पण व्यवहारात ही सीमारेषा फार वेळा पुसली गेली. २००५ मध्ये गूगलने वाचकाच्या सोयीसाठी पानांवरील दुवे आधीच मागवून ठेवणारे एक साधन प्रसिद्ध केले, तेव्हा काही संकेतस्थळांवर 'पुसून टाका' हा दुवादेखील त्या साधनाने इमानेइतबारे मागविला आणि लोकांच्या नोंदी नाहीशा झाल्या. ब्राउझर-खेळात तर वाचणे आणि करणे यांत भेदच उरत नाही. पान पाहणे म्हणजेच चाल खेळणे.

खेळाडूंनी या खेळासाठी 'कोलमाफिया' नावाची आज्ञावली तयार केली. तिच्यात खेळाडूला स्वतःच्या आज्ञा लिहिता याव्यात म्हणून एक छोटी भाषा आहे, आणि त्या भाषेत 'व्हिजिट यूआरएल' नावाचे फंक्शन आहे. फंक्शनला पानाचा पत्ता द्यावा. ते खेळाडूच्या नावाने विनंती करते आणि आलेले पान मजकुराच्या रूपाने हाती ठेवते. मग त्या मजकुरात अमुक शब्द आहे काय हे तपासून पुढची चाल ठरविता येते. फंक्शन एका ओळीचे. परंतु त्याच्या आधाराने दिवसभराचा सबंध खेळ, मनुष्य झोपलेला असताना, काही मिनिटांत खेळून संपविता येतो.

असे असूनही या खेळाची घडी विस्कटली नाही. ज्याच्यापाशी आज्ञावली आहे त्याला दिवसाचा शिधा लवकर संपविता येतो, पण त्यामुळे शिधा वाढत नाही. आणि त्याने आपली साहसे खर्ची घातल्याने दुसऱ्याच्या साहसांत घट होत नाही. यंत्राने वाचविला तो बोटांचा शीण. पळविला नाही तो कोणाचा वाटा. स्कूटरच्या यादीत प्रतीक्षेला मोल होते, येथे प्रत्येकाला सारखा शिधा होता. दोन्ही ठिकाणी वेगाला मोल नव्हते, हे त्यांचे साम्य होय.

५

मे २०२१ मध्ये नेमके वेगालाच मोल आले. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले होते. १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी २८ एप्रिलला खुली झाली आणि त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक नावे नोंदली गेली. प्रत्यक्ष लसीकरण १ मेपासून व्हावयाचे होते. या वयोगटाला केंद्रावर जाऊन रांगेत उभे राहण्याची मुभा नव्हती. 'कोविन' या संकेतस्थळावर वेळ, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेला 'स्लॉट', आधी मिळवावा लागे. ज्याला पहिल्या दिवशी स्लॉट मिळाला नाही, त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रारंभापासून प्रयत्न करावा लागे. नाव नोंदलेले राहत असे, पण त्या नोंदीला क्रमांक नव्हता. दहा दिवस वाट पाहिलेला मनुष्य आणि त्याच क्षणी संकेतस्थळावर आलेला मनुष्य, दोघे एकाच रेषेवर उभे.

कोविनने उपलब्ध स्लॉटांची माहिती यंत्रांनाही मागविता यावी असा सार्वजनिक मार्ग, म्हणजे एपीआय, ठेवला होता. त्यामागील हेतू चांगला होता. इतर संस्थांनी ही माहिती लोकांपर्यंत पोहोचवावी हा. या मार्गाने पिनकोडवार अथवा जिल्हावार विचारणा करता येत असे. जिल्हावार विचारणा केली, की त्या तारखेपासून सात दिवसांची, जिल्ह्यातील सर्व केंद्रांची यादी एकदम मिळे. प्रत्येक केंद्रापुढे पिनकोड, लशीचे नाव, किमान वय आणि शिल्लक जागा. स्क्रिप्टला एवढेच सांगावयाचे: दर काही सेकंदांनी यादी मागव, किमान वय अठरा आणि शिल्लक जागा शून्याहून अधिक दिसली, तर घंटा वाजव किंवा संदेश पाठव. खेळातील पान मागविणाऱ्या फंक्शनचाच हा अवतार. देशभर अनेक अभियंत्यांनी अशा आज्ञावल्या लिहिल्या. काहींनी त्यांतून मोफत सूचना-सेवा चालविल्या आणि हजारोंना त्यांचा उपयोग झाला, हेही नमूद करणे न्यायाचे होईल.

परंतु या यादीच्या रचनेत एक गोष्ट दडलेली होती. पुणे जिल्हा हा कोविनच्या लेखी एक क्रमांक होता. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि खेड, मावळ, जुन्नर आदी तालुके यांची केंद्रे एकाच यादीत येत. ४१०५०१ या पिनकोडाखालील चाकणच्या केंद्रावर काही जागा उघडल्या, तर त्या चाकणच्या माणसाला दिसण्याआधी वाकडमधील स्क्रिप्टला दिसत. स्थानिक रहिवाशाला अग्रहक्क देणारा कोणताही नियम नव्हता. शहरातील लोक मोटारीने येऊन ग्रामीण केंद्रांवर लस घेऊन जातात आणि गावकरी तसेच राहतात, अशा तक्रारी त्या काळी पुणे जिल्ह्यातूनही वृत्तपत्रांत आल्या.

अशा व्यवस्थेत चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या भागांतील कंत्राटी कामगाराची स्थिती काय होत असेल, हे निराळे सांगावयास नको. अनेक कारखान्यांत कामाच्या जागी भ्रमणध्वनी नेता येत नाही. पाळी संपवून खोलीवर आलेल्या माणसाने फोन उघडावा, त्यावर आलेला सांकेतिक क्रमांक भरावा, पिनकोड घालावा, तोवर यादी रिकामी. शिवाय संकेतस्थळ त्या वेळी केवळ इंग्रजीत होते. मराठीसह अन्य भारतीय भाषांची सोय जून २०२१ मध्ये झाली. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या मजुराच्या दृष्टीने ही रांग नुसती लांब नव्हती. ती दिसतच नव्हती.

६

या अडचणीवर दोन प्रकारचे उपाय झाले, आणि त्यांतील फरक बोधप्रद आहे.

पहिला प्रकार यंत्राला आवर घालण्याचा. सार्वजनिक मार्गाने एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच विनंत्या कराव्यात, अशी मर्यादा घातली गेली. म्हणजे सरासरी तीन सेकंदांस एक. त्या मार्गाने मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी असू शकेल, असेही जाहीर झाले. स्लॉट घेताना वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहिण्याची, म्हणजे 'कॅप्चा'ची, अट आली. हे उपाय म्हणजे १९९४ च्या पाटीचेच अधिक कडक रूप होते. पण त्यांनी रांगेचा नियम बदलला नाही. शर्यत तशीच राहिली, धावणाऱ्यांच्या पायांत थोडी वजने बांधली गेली इतकेच. त्यातही तीन सेकंदांस एक विनंती, तीही तासन्‌तास न थकता, हा वेग कोणत्याही पाळीच्या कामगाराला साधणारा नव्हता. आणि इंग्रजी अक्षरांचा कॅप्चा अभियंत्याला जितका सोपा, तितकाच इंग्रजी न वाचणाऱ्याला दुर्घट. यंत्राला रोखण्यासाठी उभारलेले कुंपण माणसालाच आडवे आले.

दुसरा प्रकार रांगेचा नियमच बदलण्याचा. महाराष्ट्रात लशीच्या तुटवड्यामुळे १८ ते ४४ वयोगटाचे सरकारी लसीकरण १२ मेच्या सुमारास थांबवावे लागले होते. २४ मे रोजी केंद्र सरकारने या वयोगटासाठी सरकारी केंद्रांवर जागीच नोंदणी करण्यास मुभा दिली. तिचा अवलंब करणे राज्यांवर सोपविले होते. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, केवळ संकेतस्थळावर विसंबून सार्वत्रिक लसीकरणाचे उद्दिष्ट गाठता येणार नाही अशा आशयाचे मत नोंदवून, डिजिटल साधनांपासून वंचित असलेल्यांकडे लक्ष वेधले. या पीठाचे अध्यक्ष न्या. धनंजय चंद्रचूड यांचे घराणे खेड तालुक्यातील कनेरसरचे, म्हणजे चाकणच्याच तालुक्यातील, हा योगायोग होय. २१ जूनपासून नवे राष्ट्रीय धोरण लागू होऊन सर्व प्रौढांना सरकारी केंद्रांवर लस मोफत झाली आणि पूर्वनोंदणीवाचून थेट केंद्रावर जाण्याचा मार्ग खुला झाला. पुढे पुरवठा वाढत गेला, तसतशी स्क्रिप्टची आवश्यकताच ओसरली. तिला कोणी पराभूत केले नाही. तिला जिंकण्यासारखे काही उरले नाही.

७

तीन रांगा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे निष्कर्ष स्पष्ट होतो. आकुर्डीच्या स्कूटरच्या यादीत हक्क प्रतीक्षेने मिळत होता, आणि प्रतीक्षा गरीब-श्रीमंतांना सारखीच करता येते. ब्राउझर-खेळात हक्क शिध्याने मिळत होता, आणि शिधा सर्वांना सारखाच होता. कोविनवर हक्क वेगाने मिळत होता, आणि वेग ही उपकरण, भाषा, फुरसत व कौशल्य यांवर अवलंबून असलेली, अत्यंत विषम वाटली गेलेली संपत्ती आहे. 'प्रथम येईल त्यास प्रथम' हा नियम ऐकावयास निःपक्षपाती वाटतो. समोरासमोरच्या रांगेत तो बराचसा तसा असतोही, कारण तेथे पहाटे उठून येण्याचे कष्ट कोणालाही करता येतात आणि पुढे कोण उभे आहे ते सर्वांना दिसते. पडद्यावरील रांगेत 'प्रथम' म्हणजे सेकंदाचा अंश. तो श्रमाने मिळविता येत नाही, आणि पुढे कोण गेले हे कोणालाच दिसत नाही.

म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्या अभियंत्याला दोष देऊन या प्रकरणाचा निकाल लावणे बरोबर होणार नाही. आई-वडिलांसाठी, भावंडांसाठी, शेजाऱ्यांसाठी त्याने जे केले, ते त्या नियमाखाली कोणीही केले असते. दोष असलाच तर तो, ज्या वाटपात यांत्रिक विनंती निर्णायक ठरावी असे वाटप आखण्यात होता. त्या वाटपाला पर्याय नव्हते असेही नाही. नोंदणीच्या क्रमाने बोलावणे, अर्जदारांतून सोडत काढणे, काही जागा स्थानिक पिनकोडासाठी वा कारखान्यांतील पाळ्यांसाठी राखणे, यांतील कोणताही मार्ग पत्करला असता, तर पान मागविणारे फंक्शन खेळात राहते तसेच येथेही निरुपद्रवी राहिले असते.

प्रशासनाच्या इतिहासाचा अभ्यास करताना आपण अधिनियम, परिपत्रके आणि निवाडे वाचतो. यापुढे त्यांच्या जोडीला संकेतस्थळाची रचनाही वाचावी लागेल. यादी जिल्ह्याची की गावाची, नोंदीला क्रमांक आहे की नाही, एका मिनिटात किती विनंत्या चालतील, हे निर्णय परिपत्रकांइतकेच परिणामकारक असतात आणि त्यांवर बहुधा कोणाची सही नसते. चाकणच्या कामगाराला मे २०२१ मध्ये लस मिळाली नाही, याचे एक कारण लशीच्या तुटवड्यात सापडते. दुसरे कारण अशाच एका सहीविना घेतलेल्या निर्णयात सापडते: त्याच्या गावची केंद्रे कोणत्या यादीत घालावयाची, आणि त्या यादीत वाट पाहण्याला किंमत द्यावयाची की नाही.